टाच आणि कंबर, दोन्ही उजवीकडचीच दुखतात. एकाचं दुसऱ्याशी काही नातं आहे का?

ओसरी
नमस्कार मंडळी. प्रश्न वहिनींसाठी आहे. वय ४४, माध्यमिक शाळेत शिक्षिका. दिवसाचे पाच-सहा तास शहाबादी फरशीवर उभं राहणं, त्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत चार-पाच वेळा चढउतार. वजन ७१ किलो, उंची १५६ सेंमी. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१.

उजवी टाच पाच महिने दुखतेय. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा-बारा पावलं टाच टेकवतच नाही. मग जरा सैल पडते, शाळा सुटेपर्यंत परत ठणकायला लागते. एक्स-रे बघून "टाचेचं हाड वाढलंय" असं सांगितलं.

कंबर दोन महिने झाली. उजवीकडे, अगदी खाली. उभं राहून वाढते, आडवं झालं की कमी होते. कधीकधी कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ओढ लागते. एमआरआयमध्ये एल४-एल५ आणि एल५-एस१ या कमरेच्या तळच्या मणक्यांमधल्या दोन्ही गाद्या किंचित बाहेर आल्यात, नस दबलेली नाही असं लिहिलंय.

आतापर्यंत झालेले उपाय: दुखण्याच्या गोळ्या, ड जीवनसत्त्व, बुटात सिलिकॉनची टाच-वाटी, कमरेचा पट्टा, आणि घरच्यांच्या आग्रहाने रुईचं पान ठेवून तापलेल्या विटेचा शेक.

आता विचारायचंय ते असं: टाच आणि कंबर हे एकच दुखणं आहे की दोन? वाढलेलं हाड काढावं लागतं का? माप घेऊन बनवलेला इनसोल घ्यायला एका ठिकाणी सांगितलंय, तो घ्यावा का? आणि रोजचं पाच किलोमीटर चालणं चालू ठेवायचं की थांबवायचं?

---

पोटरीपुराण
फिजिओथेरपी हेच काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्ही रिपोर्ट तूर्तास कपाटात ठेवा. टाचेचा तो काटा टोचत नाही. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या एक्स-रेतही तो सर्रास दिसतो, आणि दुखणं पूर्ण बरं झाल्यावरही जागच्या जागी असतो. हाड काढायचा विषय इथेच संपला. गादीचंही तसंच. कंबर न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली आला. त्यात पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या गाद्या बाहेर आलेल्या दिसल्या, विशीतल्यांतही ३० टक्के. चव्वेचाळिसाव्या वर्षी "किंचित बाहेर" म्हणजे केस पांढरे होण्यातला प्रकार.

नातं चार प्रकारचं असू शकतं. कमरेतून निघणारी नस चिमटली की दुखणं खाली टाचेपर्यंत उतरतं. उलट दिशेने, टाच दुखते म्हणून माणूस लंगडत चालतो आणि कंबर धरते. तिसरा प्रकार, दोन्हींचं मूळ तिसरीकडेच असतं: संधिवाताचा एखादा प्रकार किंवा साखर. आणि चौथा, दोन दुखणी नुसती शेजारी राहतात, एकमेकांना ओळखतही नाहीत. यांतला कुठला ते घरी बरंचसं कळतं. वहिनींकडून एवढं करून घ्या आणि आकडे कळवा.

टाचेच्या तळाला आतल्या बाजूने, जिथे कमान संपून टाच सुरू होते, तिथे अंगठ्याने जोरात दाबा. दुसऱ्या हाताने पायाची बोटं वर ओढून धरा आणि पुन्हा तिथेच दाबा. बोटं ओढल्यावर दुखणं वाढलं, तर ते तळपायाच्या जाड पट्ट्याचं, म्हणजे प्लांटर फॅशियाचं. दुखरी जागा टाचेच्या मागे असेल, तर पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या शिरेचं, म्हणजे अकिलिस टेंडनचं. टाचेच्या मधोमध, फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावरच दुखत असेल, तर टाचेखालच्या चरबीच्या गादीचं. आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या गेल्या, तर तिथे नस अडकलीय.

आता नसेची परीक्षा. लाकडी खुर्चीवर मांड्या पूर्ण टेकवून बसायचं. हात पाठीमागे. मुद्दाम पोक काढायचं, हनुवटी छातीला लावायची. आता उजवा गुडघा हळूहळू सरळ करायचा आणि पाऊल स्वतःकडे ओढायचं. नेहमीची ओळखीची ओढ आली की तिथेच थांबायचं, बाकी काही हलवायचं नाही, फक्त मान वर करायची. मान वर केल्याबरोबर पोटरीतली किंवा टाचेतली ओढ सुटली, तर धागा मणक्यापर्यंत गेलेला आहे. मानेच्या हालचालीने पायाचा स्नायू सैल होत नाही, नस होते. डाव्या पायानेही करून बघा. मांडीमागे थोडं ताणल्यासारखं सगळ्यांनाच होतं, तेवढ्याने घाबरू नका.

एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच किती वेळा पूर्ण उचलता येते ते दोन्हीकडे मोजा. मग टाचांवर दहा पावलं चाला. चवड्यावर उचलणं वेदनेशिवायच लुळं पडत असेल, तर एस१ नसेचा संशय. तिची झिणझिणी पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीकडे जाते. टाचांवर चालताना चवडा पडत असेल किंवा अंगठा वर उचलत नसेल, तर एल५.

शेवटी पोटरी. भिंतीकडे तोंड करून उभं राहा. टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि तो टेकतोय तोवर पाऊल मागे मागे न्या. जास्तीत जास्त किती मागे जाता येतं, ते अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत मोजपट्टीने मोजा. १० सेंमीच्या आसपास असेल तर ठीक. डाव्या-उजव्यात दोनहून जास्त सेंमीचा फरक असेल तर तो महत्त्वाचा.

आणि एक: सकाळचा कमरेचा ताठरपणा किती मिनिटं टिकतो? पाच-दहा मिनिटं आणि पाऊण तास यांत फार फरक आहे.

---

पायताण
पोटरीपुराण यांनी हाडामांसाचं सांगितलं, मी कातड्या-रबराचं बघतो. ओसरीताई, पहिला प्रश्न: ती सिलिकॉनची वाटी एकाच बुटात आहे की दोन्हींत? आणि टाचेखाली किती जाड आहे? दुकानात जोडी मिळते, आणि बहुतेक लोक दुखऱ्या पायात एक घालून दुसरी खणात टाकतात.

वहिनींची रोजची पादत्राणं टेबलावर ठेवून मागून फोटो काढा. टाच एका बाजूला कललेली दिसली, तर ती वापरून संपली, वरून कितीही नवी दिसोत. नवी घेताना दुकानातच चार गोष्टी करायच्या. बुटाच्या टाचेमागची भिंत अंगठा आणि बोटाने दाबायची. ती आत चेपली जाता कामा नये. बूट दोन टोकांना धरून ओलं फडकं पिळतो तसा पिळायचा. सहज पिळला गेला तर नको. मग वाकवून बघायचा. तो बोटांच्या सांध्याशी वाकायला हवा, मधोमध घडी पडणारा बूट कमानीला काहीच आधार देत नाही. आणि उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. माप संध्याकाळी घ्या, पाऊल तेव्हा सुजून मोठं झालेलं असतं. दोन पावलांत फरक निघाला तर मोठ्या पावलाच्या मापाचा घ्या. टाच पंज्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असली तर सध्या बरी. म्हणूनच कोल्हापुरी या दिवसांत नको. चामडं उत्तम असतं, पण तळ सपाट आणि कडक. दुखणं गेलं की खुशाल घाला.

"डॉक्टर चप्पल" म्हणून विकली जाणारी गुबगुबीत चप्पल घेताना टाचेच्या जागी अंगठा रुतवून बघा. अंगठा तळाला टेकून खड्डा तसाच राहिला, तर ७१ किलो वजनाखाली ती आठवड्याभरात पोळीसारखी होणार. बोटाला मऊ लागणं आणि पायाला आधार मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इनसोलचं. पहिल्या खेपेला माप देऊन बनवलेला घेऊ नका. साध्या टाचदुखीत तयार मिळणारा चांगला इनसोल आणि माप देऊन केलेला यांच्या परिणामात दखल घ्यावी असा फरक आढळलेला नाही. किमतीत मात्र कितीतरी पट आहे. कमानीखाली घट्टसर ईव्हीए (एक प्रकारचा फोम), टाचेला खोलगट वाटी आणि वर पातळ मऊ थर, एवढं बघा. बुटातला मूळचा इनसोल काढून मगच हा घालायचा. एकावर एक घातले तर टाच बुटाच्या भिंतीबाहेर वर येते आणि मुरगळते. कमानीखाली खडा आल्यासारखं वाटलं तर तो इनसोल त्या पायासाठी उंच आहे, "सवय होईल" म्हणून सोसू नका. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज एकेक तास वाढवत न्यायचा. पहिल्याच दिवशी सहा तास घालून शाळेत गेल्या, तर गुडघा आणि कंबर दोन्ही बोलतील.

रंगीत कॉम्प्युटर-स्कॅन दाखवून महाग इनसोल गळ्यात मारणारे खूप आहेत. कुठल्या जागी भार जास्त, एवढंच त्या चित्रातून कळतं. काय बनवायचं ते कळत नाही. पाऊल फारच वाकडं असेल, ताठर सपाट असेल किंवा बधिर असेल, तर मात्र माप देऊनच. तेव्हा प्रशिक्षित ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे असे आधार माप घेऊन बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे हा विभाग आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही चौकशी करता येते.

---

ओसरी
पायताण, तुम्ही मनकवडे आहात. वाटी फक्त उजव्या बुटात! टाचेखाली मोजली, ८ मिमी. तारीख बिलावर आहे: कंबर सुरू होण्याच्या साधारण पंधरा दिवस आधीची. दुसरी वाटी पाकिटातच होती.

बाकीचे आकडे. टाचेच्या आतल्या बाजूला दाबलं की डोळ्यात पाणी, बोटं ओढून दाबलं की आणखी. टिचकीने काही नाही. खुर्चीवरच्या परीक्षेत दोन्हीकडे मांडीमागे ताण, मान वर करून काही बदललं नाही. चवड्यावर डावीकडे १८, उजवीकडे ७, आणि तेही टाचेच्या दुखण्यामुळे थांबल्या. टाचांवर चालता येतं. मुंग्या, बधिरपणा नाही. भिंतीची परीक्षा: डावा १०, उजवा ६ सेंमी. कंबर सकाळी दहा मिनिटांत मोकळी होते.

घरात अनवाणीच. टाइल्स आहेत.

---

पोटरीपुराण
चित्र बरंचसं स्पष्ट आहे. टाच म्हणजे प्लांटर फॅशियाचं दुखणं. कंबरेतून नस खाली येतेय असं या परीक्षांत तरी दिसत नाही. आणि मधला दुवा आहे उजवी पोटरी: चार सेंमीचा फरक थोडाथोडका नाही.

चालताना पाऊल जमिनीवर असतं आणि नडगी त्याच्यावरून पुढे कलते. घोटा तिथे अडला तर टाच वेळेआधी उचलली जाते, भार चवड्यावर जातो, बोटं मागे वाकतात आणि तळपायाचा पट्टा दोरीसारखा ताणला जातो. दर पावलाला. त्यात दुखते म्हणून उजवं पाऊल आखूड पडतं, मांडी मागे जात नाही, आणि तेवढी हालचाल कंबर स्वतःकडून भरून काढते. वर एका बाजूला आठ मिलिमीटरची उंची. वाटीमुळेच कंबर दुखू लागली असं छातीठोक सांगणार नाही, पण हे तपासणं फुकट आहे: दुसरी वाटी डाव्या बुटात घाला किंवा दोन्ही काढा, आणि तीन आठवडे बघा.

आता व्यायाम. थोडेच, पण रोज.

पलंगावरच, पाय खाली टेकवायच्या आधी: उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर घ्या, पाचही बोटं मुठीत धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा कमानीवर फिरवा. तारेसारखा ताठ पट्टा हाताला लागला पाहिजे. तो लागला नाही तर नुसती बोटंच वाकतायत, घोटाही वर ओढा. दहा अंक मोजेपर्यंत धरायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातली पहिली खेप पहिल्या पावलाच्या आधी झालीच पाहिजे. स्टाफरूममध्ये अर्धा तास बसून उठण्यापूर्वीही करा.

पोटरीचा ताण भिंतीशी: उजवा पाय मागे, एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण खोलवरचा स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. प्रत्येकी ३० सेकंद, तीनदा, दिवसातून दोन वेळा. यात हमखास होणारी चूक म्हणजे मागचं पाऊल बाहेर वळवणं. मग ताण पोटरीला न बसता कमान आतल्या बाजूने ढासळते आणि दुखणारा पट्टाच आणखी ओढला जातो. बोटं नाक की सीध, पाहिजे तर किंचित आत.

ताकदीचा व्यायाम एक दिवसाआड. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा, टाच हवेत. पंचा घट्ट गुंडाळून त्याची वळकटी बोटांखाली ठेवा, बोटं शक्य तितकी वर वाकली पाहिजेत. कठड्याला फक्त बोटं टेकवा, लोंबकळू नका. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. वहिनींना एका पायावर सातच जमतात, म्हणून सुरुवात दोन्ही पायांवर, बारा-बाराचे तीन हप्ते. दोन आठवड्यांनी एका पायावर जा. बारा सहज व्हायला लागले की पाठीला दप्तर, त्यात पुस्तकं, आणि दहाचे चार हप्ते. पुढे आणखी पुस्तकं आणि आठचे पाच. घाईघाईने वीस-तीस मारून काही उपयोग नाही, या व्यायामाची गंमत संथपणातच आहे. वर जाताना वजन करंगळीकडे सरकू देऊ नका, अंगठ्याच्या मुळावर ठेवा.

दुखलं तर? करताना दहापैकी चारपर्यंत चालेल. खरा निकाल दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलांत लागतो: कालच्यापेक्षा जास्त दुखली तर एक हप्ता कमी करा, व्यायाम बंद नको.

कंबरेसाठी तीन गोष्टी. चार पायांवर होऊन विरुद्ध हात-पाय सरळ करणं, दहा सेकंद धरून. आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. कंबरेवर पाण्याची वाटी ठेवलीय असं समजा, ती सांडता कामा नये. कुशीवर, कोपर आणि गुडघ्यावर अंग उचलून धरणं, तसंच. आणि उताणं झोपून गुडघे वाकवून कुल्ले उचलणं, बारा-बाराचे दोन हप्ते. मांडीमागे पेटके आले तर टाचा जवळ घ्या. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास ओणवं होऊन बादली उचलणं, केर काढणं टाळा. रात्रभरात गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, तेव्हा वाकणं त्यांना जड जातं.

चालणं बंद करू नका, तुकडे करा. पाच किलोमीटर एका दमात चालण्याऐवजी बारा-पंधरा मिनिटं तीनदा, सपाट रस्त्यावर. शाळेतून आल्यावर अर्ध्या लिटरच्या बाटलीत गोठवलेल्या पाण्यावर तळवा पाच-सात मिनिटं फिरवा.

हे सगळं महिन्यात चमत्कार करत नाही. तीन महिने धरून चाला. बहुतेकांचं दुखणं वर्षाच्या आत जातं. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं जाईल. त्याचा आराम साधारण काही आठवड्यांचा, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबी झिजते, क्वचित पट्टाच तुटतो. म्हणून ते पहिल्या फेरीत नको.

---

सरळरेष
वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त एका गैरसमजाला टाचणी लावतो. "पाय सरळ केला की कंबर आपोआप सरळ" असं जाहिरातीत असतं. इनसोलने कंबरदुखी टळते का, यावर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २००७ साली आला, आणि निष्कर्ष होता की टळत नाही. सुरू झालेल्या कंबरदुखीवर इनसोल उपयोगी पडतो का, याचाही पुरावा तोकडाच. तेव्हा टाचेसाठी इनसोल जरूर, कंबरेसाठी व्यायाम. कंबर बरी होईल म्हणून इनसोलवर पैसे घालू नका.

मात्र इनसोल विकत घेण्याआधी एक स्वस्त चाचणी आहे. फिजिओकडून तळपायाला ताठ चिकटपट्टी, झिंक ऑक्साइडची, बांधून घ्या. चवड्याच्या बाजूने टाचेमागून वळसा आणि त्यावर आडव्या पट्ट्या, कमान उचलून धरणारी. तीन-चार दिवस ठेवून टाच हलकी वाटली, तर इनसोलचा फायदा होण्याची आशा आहे. खाज सुटली तर लगेच काढायची.

"एक पाय आखूड आहे" असं कुणी टेबलावर झोपवून, दोन्ही टाचा जुळवून सांगितलं, तर पटकन विश्वास ठेवू नका. ओटीपोट किंचित वळलेलं असलं तरी टाचा पुढेमागे दिसतात. उभं करून, आखूड वाटणाऱ्या पायाखाली तीन-तीन मिलिमीटरच्या फळ्या सरकवत कंबरेची दोन्ही हाडं समपातळीत येईपर्यंत बघणं जास्त खरं. आणि सेंटिमीटरच्या आतला फरक अनेकांत असतो, जन्मभर त्रास देत नाही. वहिनींच्या बाबतीत तर फरक बाजारातून विकत आणला होता.

पट्टा दिवसभर नको. लांबच्या प्रवासापुरता, तासभर, ठीक. (आपल्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायची रीत होती. पाय आणि कंबर यांचा संबंध पूर्वजांनी जोडला होता म्हणायचा, दिशा जरा चुकली.)

---

रातराणी
इथेच विचारते. भाऊ २९ वर्षांचा. दोन्ही टाचा दुखतात, मागच्या बाजूने. कंबर पहाटे तीन-चारला जागं करते, सकाळी तासभर ताठ, जिमला गेला की मोकळी होते, रविवारी लोळत पडला की जास्त. एक्स-रे नॉर्मल. त्यालाही हेच व्यायाम?

---

सांधेवाचक
नाही. त्याने आधी संधिवाततज्ज्ञाकडे जायचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे. हाडांच्या डॉक्टरकडे नंतर.

ही वर म्हटलेली तिसरी जात. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी, उत्तररात्री उठवणारी. सोबत दोन्ही टाचा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या, म्हणजे मणक्याच्या संधिवाताच्या, घराण्यातला आजार असा बोलतो. यात स्नायूंच्या शिरा (टेंडन) जिथे हाडाला चिकटतात तिथे सूज येते, म्हणून टाच आणि माकडहाडाजवळचे सांधे एकाच वेळी धरतात. साधा एक्स-रे पहिली काही वर्षं नॉर्मल असू शकतो. याच सांध्यांचा, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्यांचा, एमआरआय लागतो. कंबरेचा नेहमीचा एमआरआय काढला तर हे सांधे नीट दिसतच नाहीत, म्हणून चिठ्ठीवर सांध्याचं नाव आहे ना ते बघा. सीआरपी (अंगातल्या सुजेसाठी) आणि एचएलए-बी२७ (आनुवंशिक खुणेसाठी) या रक्ततपासण्या होतील. बी२७ पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच असं नाही, निगेटिव्ह म्हणजे नाहीच असंही नाही. डॉक्टरांना हेही सांगा: डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत का, जुलाबाचा जुना त्रास आहे का, घरात कुणाला असं आहे का.

आणि विटेबद्दल. ज्यांना मधुमेह आहे किंवा तळवे बधिर आहेत, त्यांनी तापलेली वीट, गरम पाण्याची पिशवी आणि ती गोठलेली बाटली, तिन्ही टाळा. चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी मोज्याला चिकटल्यावर दिसतो. वहिनींचं ६.१ म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठा आहे. दोन्ही तळव्यांची आग, रात्री जास्त, मोजा घातल्यासारखा बधिरपणा, असं असेल तर ते टाचेचं दुखणं नव्हे. तेव्हा साखरेबरोबर बी१२ तपासा. शुद्ध शाकाहारी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे यांच्यात ते कमी निघतं. अशा पायांना एमसीआरचा (मायक्रोसेल्युलर रबराचा) मऊ तळ असलेली, मागे पट्टा असलेली पादत्राणं. अंगठ्याची चप्पल नको, ती निसटलेली कळत नाही.

थांबायचं नाही असे प्रसंग: लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी, जांघेत बधिरपणा, दोन्ही पाय लुळे पडणं. त्याच रात्री मोठं रुग्णालय, सकाळची वाट नको. पाऊल अचानक पडायला लागलं तर एक-दोन दिवसांत. संध्याकाळचा ताप, वजन घटणं आणि कंबरेत एकाच मणक्यावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, तर मणक्याच्या क्षयाची शंका आपल्याकडे घ्यावीच लागते. एकाच पोटरीला सूज आणि उष्णता असेल तर पोटरी ताणायची किंवा चोळायची नाही. आधी रक्ताच्या गाठीसाठी सोनोग्राफी.

---

ओसरी
खूप आभार सगळ्यांचे. वाट्या आजच दोन्ही बुटांत गेल्या, वीट परसात गेली. एकच शंका राहिली. एकीने सांगितलं की उभं राहताना एक पाय स्टुलावर ठेवावा म्हणजे कंबरेला आराम. घरी ओट्यापाशी जमेल, पण वर्गात स्टूल राहत नाही, मुलं पळवतात.

---

पोटरीपुराण
फळ्याखाली प्लॅटफॉर्म असेल ना? त्याचीच कड वापरा. एक पाय वर, पाच-सात मिनिटांनी पाय बदलायचा. उजवाच ठेवून बसू नका. वहीत बघून शिकवताना जमिनीवर, लिहिताना प्लॅटफॉर्मवर, असं ठरवलं की घड्याळ बघावं लागत नाही. ओट्यापाशी दहा-पंधरा सेंमीचा पाट पुरे, त्याहून उंच झाला तर ओटीपोट वाकडं होतं. आणि घरातल्या टाइल्सवर अनवाणी नको: घट्ट तळाची, कमान असलेली एक जोडी फक्त घरासाठी वेगळी ठेवा, पलंगाशेजारी, सकाळचं पहिलं पाऊल तिच्यातच पडेल अशी.